थोडं रक्त जाऊ द्या

"डॉक्टर, माझं थोडं रक्त जाऊ द्या की," मी म्हटलं.

सर्जन माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होते. त्यांनी तो खाली ठेवला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, इथे येणारा प्रत्येक जण हात जोडून सांगतो, रक्त जाऊ देऊ नका. तुमचं काय बिनसलंय?"

शेजारी बसलेल्या माझ्या लेकीने टेबलाखालून मला चिमटा काढला. असा काढला की वळ उठला. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

"फार नको," मी म्हटलं. "एक पिशवी चढवावी लागेल एवढंच."

सर्जन हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. मी कसली गंमत करतेय! पण खरं कारण सांगायचं तर माझ्या भावापासून सुरुवात करावी लागली असती, आणि बाहेर पेशंटची ही रांग लागली होती. त्यांना नाही सांगितलं, तुम्हाला सांगते.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. धंद्याने सुतार. लहानपणी अंगाने बारीक, आणि एकदा एखाद्या गोष्टीवर अडून बसला की जागचा हलायचा नाही, म्हणून मी त्याला खिळ्या म्हणायचे. पुढे त्याने खरंच हातोडा धरला, तेव्हा मी म्हटलं, बघ, बारसं मीच केलं होतं तुझं. तो मला ताई म्हणायचा आणि माझ्याशी रोज भांडायचा. भांडल्याशिवाय आम्हा दोघांना घास गोड लागत नसे. आमच्यापायी आईने किती वेळा कपाळाला हात लावला असेल, तिचं तिला ठाऊक.

आई माझ्याकडे राहायची. ती गेली त्या दिवशी खिळ्या कामासाठी परगावी होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, श्वासाच्या मशीनवर ठेवायचं का? आईने मला आधीच बजावून ठेवलं होतं, "मला नळ्या लावून लोंबकळत ठेवलंस तर याद राख." मी नको म्हटलं. खिळ्या धापा टाकत पोचला तोवर सगळं आटपलं होतं. दारात उभा राहून, चार लोकांसमोर तो म्हणाला, "मी येईपर्यंत थांबवता आलं असतं तिला. तू थांबवलं नाहीस."

आणि माझी जीभ! ती काय माझ्या ताब्यात असते? मी म्हटलं, "एवढी ओढ होती तर आधी यायचं होतंस."

झालं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वर्षामागून वर्षं गेली. माझ्या लेकीशी तो बोलायचा, लाड करायचा, तिला शेल्फ करून द्यायचा. माझं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जायचा.

मी एकदा गेले होते त्याच्याकडे. तो चौथ्या मजल्यावर राहायचा, आणि ती इमारत इतकी जुनी की लिफ्ट नावाची चीज तिला माहीतच नाही. माझा उजवा गुडघा तेव्हाच कामातून गेला होता. जन्मभर शाळांचे युनिफॉर्म शिवले मी, पायाच्या मशीनवर. गुडघा असा वाजायचा की गिऱ्हाईक विचारायचं, मशीनला तेल घालत नाही का हो. त्या दिवशी पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत कशीबशी चढले आणि पायातून जी कळ निघाली, ती थेट डोक्यात. तिथेच पायरीवर बसले. कठड्याला धरून ओरडले, "खिळ्या! अरे खिळ्या, मी आलेय!" वर कठड्यावरून त्याचं डोकं दिसलं. त्याने मला नीट बघितलं. मग डोकं मागे गेलं आणि दार लागल्याचा आवाज आला. मी बराच वेळ तिथे बसून होते. जिन्यात बसायला दुसरं काही नव्हतं, थंडगार दगडी पायरी तेवढी. मग रडत रडत, एक एक पायरी बसून उतरले. शेजारची लोकं दार किलकिलं करून बघत होती, बघेनात का!

म्हणून मी ऑपरेशनला हो म्हटलं. लोकांना वाटलं, दुखणं सोसवेना. दुखणं मी आणखी दहा वर्षं सोसलं असतं. मला तो जिना चढायचा होता. त्याच्या दारात उभं राहून सांगायचं होतं, चुकलं माझं, मी तसं बोलायला नको होतं, आता पाणी दे आणि भांडायचं असेल तर समोर बसून भांड.

पण ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं तर भलतंच निघालं. लेकीच्या वेळी बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं. तेव्हापासून म्हणे माझ्या रक्ताला परक्या रक्ताची अशी काही चीड बसलीय की गट जुळला तरी ते रक्त चालेलच असं नाही. रक्तपेढीतल्या बाईंनी कितीतरी पिशव्या जुळवून पाहिल्या. एकही पटेना.

"सख्खं भावंड आहे का कोणी?" बाईंनी विचारलं. "त्यांचं जुळण्याची शक्यता जास्त."

"आहे एक," मी म्हटलं. "पण तो माझ्याशी बोलत नाही."

"नसतील बोलत," बाई म्हणाल्या. "मला त्यांचा दंड हवाय, तोंड नको."

लेकीने मामाला फोन केला. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तो नाही म्हणाला तर? पण तो दुसऱ्याच दिवशी रक्तपेढीत जाऊन नमुना देऊन आला. आणि जुळलं! बाई म्हणाल्या, असं जुळतं की जणू एकाच अंगातलं. ऑपरेशनच्या आठवड्यात येऊन पिशवी देईन, असं तो सांगून गेला. माझ्यासाठी लेकीकडे निरोपही ठेवला. "सांग तुझ्या आईला. रक्त देतोय म्हणजे बोलतोय असं समजू नकोस म्हणावं."

मी हसले आणि मग पदर तोंडाला लावून मनसोक्त रडले. अहो, निरोप पाठवला म्हणजे बोललाच की मेला!

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. त्याचं रक्त माझ्या अंगात जाणार. एकदा ते गेलं की हा गप्प कसा बसेल? मी मुद्दाम फोन करून विचारणार होते, काय रे, तुझं रक्त फार तापट आहे, मला झोपू देत नाही, परत घेऊन जा. मग तो चिडला असता. चिडला की बोलला असता. मी मनातल्या मनात सगळं भांडण रचून ठेवलं होतं, त्याच्या वाटणीचं सुद्धा.

आणि नशिबाने गाठ पडली ती या सर्जनशी. हा माणूस रक्ताच्या बाबतीत महाकंजूष. मी नाही, त्यांच्याच नर्सबाई म्हणतात, आमचे कंजूष डॉक्टर. त्यांनी मला कागदावर गुडघा काढून समजावलं. कापायच्या आधी शिरेतून एक औषध देतात, त्याने जखमेत धरलेली गुठळी लवकर विरघळत नाही. तेच औषध शेवटी सांध्यातही सोडतात. बारीकसारीक रक्तवाहिनी दिसली की लगेच चटका देऊन बंद. मांडीला रक्त अडवणारा आवळपट्टा लागला तर लावतात, तोही लागेल तेवढाच वेळ. नंतर पाय उशीवर थोडा वाकवून ठेवायचा, बर्फाने शेकायचा.

"आणि या सगळ्याआधी," ते म्हणाले, "तुमचं हिमोग्लोबिन वाढवायचं. ते आत्ता फार कमी आहे. भरलेल्या हंड्यातून वाटीभर सांडलं तर कळत नाही. तुमचा हंडा अर्धा आहे. या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या, म्हणजे भावाची पिशवी नुसती फ्रिजमध्ये पडून राहील."

"मग त्याने ती द्यायची कशाला?" मी विचारलं.

"गरज पडली तर," सर्जन म्हणाले. "पण मी पडू देणार नाही. दुसऱ्याचं रक्त फुकटचं नसतं, बाई. ताप येतो, त्रास होतो. तुमच्या बाबतीत तर पुढच्या वेळी जुळणं आणखी अवघड होऊन बसेल."

तेव्हाच मी ते बोलून गेले. थोडं रक्त जाऊ द्या की.

आता पुढचं ऐका आणि मला खुशाल वेडी म्हणा. मी त्या गोळ्या घेतल्या नाहीत. सुरुवातीला दोन-चार घेतल्या. पोट बिघडलं, ते निमित्त मिळालं. मग रोज सकाळी लेकीसमोर गोळी हातावर घ्यायची, पाण्याचा पेला तोंडाला लावायचा, आणि ती कामाला गेली की गोळी बटणांच्या डब्यात. तांबूस, गोल, शर्टाच्या बटणाएवढी. डब्यात पडली की कुणाला संशय येऊ नये अशी. हंडा अर्धाच राहू दे, मी म्हणायचे. मग बघते डॉक्टर कशी पिशवी लावत नाहीत ते.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा रक्त तपासलं. सर्जननी कागद पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हे वाढलं कसं नाही? गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या की," मी म्हटलं.

"अशा रक्तावर मी सुरी लावणार नाही. तारीख पुढे."

मला वाटलं होतं ते म्हणतील, ठीक आहे, पिशवी तयार ठेवू. ते पुढे ढकलतील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी हातापाया पडायचीच बाकी राहिले. त्यांनी मुळीच ऐकलं नाही. आणि त्याच संध्याकाळी लेक तिच्या झग्याला बटण लावायला म्हणून माझा डबा घेऊन बसली. तिने एक बटण दोनदा उलटून पाहिलं. दोरा ओवायला भोकं नव्हती त्याला.

माझी लेक शांत आहे, तिच्या बापावर गेलीय. ती ओरडली नाही. डबा माझ्यासमोर पालथा केला आणि म्हणाली, "आई, मामाशी बोलायचंय तर बोल ना. मरायला कशाला निघालीस?"

"तो बोलत नाही," मी म्हटलं.

"तू गोळ्या लपवतेस. तो पाणी प्यायला उठतो. दोघांना एकाच माळेत ओवायला हवं."

मग तिने ते सगळं मामाच्या कानावर घातलं. का घातलंस म्हणून मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिकडून निरोप आला. "सांग तिला, अक्कल विकून खाल्ली का म्हणावं." हा दुसरा निरोप. मी त्याच आनंदात दवाखान्यात जाऊन लोहाचं सलाईन मुकाट्याने घेतलं, आणि उरलेल्या गोळ्याही. पण शरीराला घाई कळत नाही. रक्त वाढायला वेळ लागतो तेवढा लागलाच. ते आठवडे हातचे गेले. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. जिना कुठे पळून चाललाय, असं मी म्हणत होते.

शेवटी तारीख लागली. खिळ्याने पिशवी दिली. मला टेबलावर घेतलं, कमरेत सुई टोचली, पाय माझा असून माझा नाही असं झालं. पडद्याच्या पलीकडे हातोडीचे आवाज येत होते. मला हसू आलं. मला वाटलं, हे काम खिळ्यालाच द्यायचं होतं, त्याने जास्त सफाईने ठोकलं असतं. सर्जन मधूनच नर्सबाईंना विचारत, "सक्शनमध्ये रक्त किती?" आणि त्या सांगत, "काहीच नाही, सर." प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खूश. मी पडल्या पडल्या म्हणत होते, जाऊ द्या की हो थोडं.

नाही गेलं. पाय बांधून झाल्यावर सर्जन माझ्या डोक्याशी येऊन म्हणाले, "वाटीभर सुद्धा नाही. पिशवीला हात लावावा लागला नाही." केवढा आनंद त्यांच्या तोंडावर! मी म्हटलं, "उपकार झाले," आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, आनंदाश्रू.

खोलीत आणल्यावर लेकीने सांगितलं. मामा आला होता. सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होता. तिने विचारलं, तू कशाला बसलास, पिशवी तर देऊन झाली. तर म्हणाला, "माझा माल आहे. सांडतात का बघायला आलो." सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, तुमच्या रक्ताची गरज पडली नाही. तो उठून उभा राहिला. "अजिबात नाही?" त्याने विचारलं. "थेंबही नाही," सर्जन म्हणाले. त्यांनी कौतुकानेच सांगितलं. मामा म्हणाला, बरं झालं. आणि निघून गेला.

"मला भेटायला थांबला नाही?"

"मी म्हटलं थांब. म्हणाला, आता माझं काय काम."

तो रक्ताच्या आधाराने दारापर्यंत आला होता. तोही माझ्यासारखाच निमित्त शोधत होता, आणि आम्हा दोघांचं निमित्त डॉक्टरांनी चटके देऊन बंद करून टाकलं. मी लेकीला म्हटलं, "फोन लाव त्याला. सांग, आई म्हणते, रक्ताचं काम नव्हतं, तुझं होतं. आणि सांग, मीच येते. जिना चढून येते."

लेकीने फोन लावून तसंच सांगितलं. मग तो म्हणाला, "आधी गुडघा वाकव म्हणावं."

मग मी काय, पेटलेच! व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. गोड बोलून जीव घेणारी. तिने पाय वाकवला की मला ब्रह्मांड आठवायचं, पण मी म्हणायचे, वाकव गं, आणखी वाकव. लेक रोज मामाला फोन करून सगळं सांगायची. आज किती वाकला, आज वॉकर सुटला, खाली बसायचं नाही, खुर्ची उंच लागते आणि तिला हात लागतात, जिना चढताना आधी चांगला पाय. तो ऐकून घ्यायचा आणि काहीतरी टोमणा मारायचा. लेक तो मला तसाच्या तसा आणून द्यायची. मधे रक्तपेढीतल्या बाईंचा फोन आला, तुमची पिशवी आता एका बाळंतिणीला लागतेय, देऊ का? मी म्हटलं, ज्याची आहे त्याला विचारा. तो म्हणाला, द्या, आमच्या घरात तिला कुणी विचारत नाही.

अखेर फिजिओ मुलीने एक एक मजला करत मला आमच्या इमारतीचा जिना चढवला. मी तिला म्हटलं, आता चौथा मजला? ती म्हणाली, "रविवारी. त्याआधी अजिबात नाही. थोडी सूज आहे, ती उतरू द्या."

"मी आत्ता सुद्धा जाईन," मी म्हटलं.

"आई," लेक म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी कुणाचं ऐक."

बटणाच्या डब्याची लाज वाटत होतीच. मी ऐकलं. लेकीकडून मामाला कळवलं, रविवारी येते.

गुरुवारी सकाळी लेकीचा फोन वाजला, भावजयीचा होता. चहाचा कप हातात घेऊन खिळ्या खिडकीशी उभा होता. छातीत कळ आली म्हणाला आणि खाली बसला. डॉक्टर चार मजले चढून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी ओरडले की काय केलं, मला आठवत नाही. सर्जनला फोन करून एवढंच विचारल्याचं आठवतं, "माझ्यासाठी रक्त दिलं म्हणून तर नाही ना हो?" ते म्हणाले, नाही बाई, त्याचा काही संबंध नाही, देवाशपथ नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय मी. नाहीतर जगू कशी?

आम्ही त्याच्या इमारतीपाशी पोचलो. लेक म्हणाली, सावकाश. मी कुठली सावकाश! कठडा धरला आणि चढायला लागले. चांगला पाय आधी, मग नवा. गुडघा हूं की चूं करत नव्हता. पहिल्या मजल्याच्या वळणावर, मी त्या दिवशी जिथे बसले होते बरोबर तिथे, एक लाकडी खुर्ची होती. मला वाटलं, कुणीतरी गडबडीत बाहेर काढून ठेवली असेल. मी पुढे गेले. दुसऱ्या वळणावर तशीच खुर्ची. तिच्या पायांकडे माझी नजर गेली. चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे ठोकलेले, बसायची जागा उंच व्हावी म्हणून. दोन्ही बाजूंना नवे कोरे हात बसवलेले, अजून पॉलिशसुद्धा न केलेले. तिसऱ्या वळणावर आणखी एक. मी थांबले नाही. मला वाटलं, थांबले तर पुढे पाऊल पडणार नाही.

वर घरात माणसं भिंतीला टेकून उभी होती. बसायला काही नव्हतंच. जेवणाच्या टेबलाभोवती एकही खुर्ची नव्हती. भावजय माझ्या गळ्यात पडली आणि रडत रडत म्हणाली, "ताई, कालच संध्याकाळी खुर्च्या मांडून आले हो ते. मी म्हटलं, रविवारला अवकाश आहे, जिन्यात लोकांना अडचण होईल. तर म्हणाले, ती ऐकते होय कुणाचं? आजच येऊन उभी राहील. मागच्या वेळी तिला पायरीवर बसावं लागलं, या वेळी नको. रात्री जेवायला आम्ही जमिनीवर बसलो, पण एकही खुर्ची त्यांनी आत आणू दिली नाही."

मी त्याच्याजवळ गेले. झोपल्यासारखा वाटत होता, कपाळाला आठी मात्र होती तशीच. बोटांना भुशाचा वास येत होता. मी त्याचा हात धरला आणि जे बोलायचं ठरवून आले होते ते सगळं बोलले. चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं. आईला मी थांबवलं नाही रे, पण तिनेच सांगितलं होतं, हे तुला सांगायच्या आधी मी जीभ चालवली. मग मला राग आला. मी त्याला म्हटलं, "मेल्या, मी येईपर्यंत थांबायचं होतंस." आणि माझ्या तोंडून ते निघालं तसं मला कळलं, की हे वाक्य मी आधी ऐकलंय, आणि तेव्हा त्याचं काळीज कसं झालं असेल ते मला त्या दिवशी जराही कळलं नव्हतं. मी त्याच्या छातीवर डोकं टेकून रडले. तो पाणी प्यायला उठला नाही.

आदल्या दिवशी गेले असते तर भेटला असता. मी तेव्हा घरी बसून पायाला बर्फ लावत होते, कारण एकदा तरी कुणाचं ऐकायचं होतं. आणि त्या गोळ्या मी वेळेवर घेतल्या असत्या, तर कितीतरी रविवार मिळाले असते आम्हाला.

दुपारी त्याला नेलं. खुर्च्या बाजूला घ्याव्या लागतील असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, हात लावायचा नाही. माणसांनी त्याला खांद्यावर तोलत, वळणावळणाला थांबत, खुर्च्यांच्या कडेकडेने उतरवलं.

जिना रिकामा झाल्यावर मी निघाले. तिसऱ्या वळणावर आले आणि खुर्चीवर बसले. हातांवर हात ठेवले. उंची बरोबर होती, अगदी फिजिओ मुलगी सांगायची तेवढीच. मग उठले. दुसऱ्या वळणावर बसले. पहिल्यावर बसले, तिथून वर बघितलं. कठड्यावर कुणी नव्हतं.

लेक खालून धावत आली. "आई, दुखतंय का? सूज आलीय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "गुडघ्याला काही झालेलं नाही. बसायची गरज नव्हती."

"मग उठतेस का?"

"थांब जरा. त्याने माझ्यासाठी ठेवलीय ना."